मागची टाकी वगळून

कारखान्यात आल्या आल्या माणूस आधी कार्ड पंच करतो, मग चहा पितो. आमचे लॅबवाले साहेब आधी मागच्या टाकीपाशी जायचे, कठड्यावरून आत वाकायचे आणि विचारायचे, "काय मंडळी, जेवलात का?" टाकीतून उत्तर यायचं म्हणे. बुडबुड्यांतून. ते पसंत पडलं तर साहेब चहाला यायचे. नाहीतर दिवसभर चहा बंद आणि बोलणंही बंद. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे खिडकीतून बघितलं आणि मनात म्हटलं, माय वं, कुठल्या वेड्यांच्या कारखान्यात येऊन पडले मी!

नव्वदीची सुरुवात असेल. मी धुळ्याची. लग्न होऊन सिल्वासाला आले, कारण आमचे हे इथे सुताच्या गिरणीत फिटर होते. तेव्हा सिल्वासात रोज एक नवीन पत्र्याची शेड उभी राहायची आणि फाटकावर 'पाहिजेत'ची पाटी लागायची. माझ्याकडे टायपिंगची दोन सर्टिफिकेटं होती. ती पुठ्ठ्याच्या कारखान्यात दाखवली, आणि मॅनेजर म्हणाले, "बेन, कालथी आवी जाव." उद्यापासून या. एवढीच मुलाखत. मॅनेजर वापीकडचे गुजराती, माणूस वाईट नाही, पण मुंबईहून मालकांचा फोन आला की खुर्चीतून उठून उभे राहून बोलायचे. फोनवर कोण बघतंय, पण उभे राहायचे.

आमचा पुठ्ठा भाताच्या पेंढ्याचा. खोक्यांना लागतो तो तपकिरी, जाडाभरडा. पेंढा कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, धुवायचा, लगदा पुढे न्यायचा आणि उरलेलं काळं पाणी मागच्या बाजूने ओहोळात सोडून द्यायचं. ओहोळ पुढे कुठे जातो हे विचारायची कारखान्यात रीत नव्हती. साहेबांनी ते विचारलं. तिथूनच सगळं सुरू झालं.

"पेंढ्यात दोन वस्तू असतात," ते मला सांगायचे. मी टायपिस्ट, मला काय करायचंय पेंढ्याशी? पण ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. "एक धागा, एक डिंक. पुठ्ठ्याला धागा लागतो. डिंक आपण फेकतो. त्या डिंकाचं नाव लिग्निन. झाड ताठ उभं राहतं ते त्याच्या जोरावर. आणि तो कुणाला म्हणजे कुणाला पचत नाही. गाईलासुद्धा नाही."

"मग?"

"मग काय? तरी जंगलात पडलेली झाडं संपतातच ना? कोणीतरी खातंच ना? बुरशी खाते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या सोड्याच्या पाण्यात बुरशीला पोटशूळ उठतो. मला चिवट पोटाचे जिवाणू पाहिजेत."

हे चिवट पोटाचे जिवाणू म्हणजेच 'मंडळी'. ती शोधायला साहेब दर रविवारी लखमाला घेऊन सायकलवर निघायचे. लखमा लॅबचा हेल्पर, सुरंगीचा वारली. मालक असो की मॅनेजर, लखमा सगळ्यांना 'तू' म्हणायचा, आणि त्यात अपमान नसायचा. "साहेब कुजका ओंडका दिसला का त्याला कुरवाळतो," तो मला म्हणाला, "मग हुंगतो. बायकोला पण कोणी एवढा हुंगत नाय." मी तोंडाला पदर लावून हसले, पण नंतर डब्बा खाताना माझ्या मनात आलं, खरंच, या माणसाचं लग्न का झालं नसेल? एकदा धीर करून विचारलं. साहेब गंभीरपणे म्हणाले, "ती फिनेल आणेल हो घरात."

त्यांना गावं आठवायची ती उकिरड्यांवरून. खेरडीचा उकिरडा प्रौढ. दुधनीचा जलाशयाकाठचा गाळ तरुण, अजून शिकायचाय. आणि सुरंगीच्या रानातला तो सागाचा एक बुंधा, जो म्हणे तीस वर्षं पडून होता, तो ऋषी. ऋषीचा चुरा त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात घालून आणला होता. नवीन माणूस कामावर लागला की साहेब त्याला नाव-गाव विचारायचे आणि लगेच, "तुमच्याकडचा सगळ्यात जुना उकिरडा कुठे आहे?" नाशिकचा एक इंजिनियर आला होता, टाय लावणारा. त्याने आठवडाभर हे मॅनेजरना जाऊन सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं ही त्याची परीक्षा आहे.

आमच्या घरी सत्यनारायणाला बोलावलं त्यांना. आले, नमस्कार केला, प्रसाद घेतला, जेवायला बसले. आमटीत शेवग्याच्या शेंगा. जेवण झाल्यावर बघते तर साहेब पंगतीत फिरून प्रत्येकाच्या ताटातला शेंगांचा चोथा रुमालात गोळा करतायत! माझे सासरे धुळ्याहून आले होते. त्यांच्या ताटाला हात लागल्यावर ते असे काही दचकले की विचारू नका. "हा कोण?" मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं. मी म्हटलं, "आमचे साहेब." सासऱ्यांनी त्या दिवसापासून माझ्या नोकरीबद्दल कधी चकार शब्द विचारला नाही.

बरं, वेडे म्हणावं तर हिशोबशीर वेडे. लॅबच्या खिडकीत काचेच्या बाटल्यांची रांग होती. रोज टाकीतलं पाणी एका बाटलीत भरायचं, तारीख लावायची. रंग मोजायचं यंत्र मागितलं होतं, मिळालं नाही, म्हणून त्यांनी स्वतःचं माप केलं होतं. काकवी, कोरा चहा, मध आणि लिंबू सरबत. कारखान्यातून येतं ते पाणी काकवी. सगळा डिंक मंडळींनी खाल्ला की लिंबू सरबत. मी त्यांचे रिपोर्ट मुंबईला इंग्रजीत टाइप करायची, तेव्हा 'कोरा चहा' इंग्रजीत लिहिताना मला लाज वाटायची. ते म्हणायचे, "लिहा हो. मालकांना चहा कळतो."

आणि रंगावर शेवटचा शिक्का नाही. शेवटची परीक्षा माशाची. दुधनीहून बोटभर मासे आणायचे आणि बरणीत टाकीचं पाणी घेऊन त्यात सोडायचे. "रंगाला कोणीही फसवेल," साहेब म्हणायचे, "माशाला नाही."

दुसरी गोष्ट, टाकीच्या तीस पावलांत साबण, फिनेल, ब्लीचिंग पावडर काहीही न्यायचं नाही. झाडूवालीच्या हाताला फिनेलचा वास आला तर ते तिला चहा देऊन परत पाठवायचे. मला तर त्यांनी एक कायमचं काम लावून दिलं होतं. कारखान्यात साफसफाईचं सर्क्युलर निघायचं ते मी टाइप करायची. त्यात प्रत्येक वेळी एक ओळ घालायची, 'मागची टाकी वगळून'. ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हात जोडून सांगितलं होतं. नंतर कधी सांगावं लागलं नाही. अकरा सर्क्युलरं काढली मी त्यांच्या काळात. दहांमध्ये ती ओळ आहे.

आता अकराव्याची गोष्ट.

ओहोळाच्या खालच्या अंगाला कोणीतरी तक्रार केली होती, काळ्या पाण्याने भात करपलं म्हणून. तक्रार मुंबईपर्यंत गेली. मग मालकांना अचानक आठवलं की आपल्याकडे एक लॅबवाले आहेत आणि ते टाकीत कायतरी करतात. फोन आला. मॅनेजर उभे राहिले. ठरलं असं, की साहेबांना नव्वद दिवस. नव्वद दिवसांत त्या मागच्या लहान टाकीतलं पाणी साफ करून दाखवा. दाखवलंत तर मोठी टाकी बांधू, कारखान्याचं सगळं काळं पाणी तिच्यातून जाईल. नाही दाखवलंत तर लॅब बंद, आणि तुम्हाला नमस्कार.

साहेबांना आपल्या नोकरीचं काही नव्हतं हो. पण मोठी टाकी! तिचं चित्र काढून त्यांनी कपाटाला आतून चिकटवलं होतं, लोक देवाचा फोटो लावतात तसं.

ते नव्वद दिवस मी विसरणार नाही. साहेब कँटीनमधून गूळ मागून आणायचे आणि मंडळींना आधी चिमूटभर गूळ. "नवीन जागी जेवण रुचत नाही. आधी गोड, मग डिंक." रसवाल्याकडची चिपाडं, सुतारांकडचा भुसा, सगळं टाकीत. वास म्हणाल तर वाऱ्याची दिशा फिरली की आम्ही ऑफिसात खिडक्या लावून घ्यायचो. पण बाटल्या बदलत होत्या. विसाव्या दिवशी काकवी, काकवीच. चाळिसाव्या दिवशी मी स्वतः म्हटलं, "साहेब, हा कोरा चहा आहे." ऐंशीच्या आसपास एक दिवस ते बाटली घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि ती खिडकीकडे धरली. मध होता. स्वच्छ, सोनेरी मध. आम्ही तिघांनी, साहेब, लखमा आणि मी, त्या दिवशी वडापाव खाल्ला.

मालक यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी साहेब लखमाला घेऊन दुधनीला गेले. मासे आणायला, रात्रीचा मुक्काम तिथेच. मालकांसमोर मासा सोडून दाखवायचा होता.

इकडे मॅनेजरनी मला बोलावलं. सर्क्युलर सांगितलं. मालक येतायत, सगळे रस्ते झाडा, कडांना चुना मारा, सगळी गटारं आणि सगळ्या टाक्या साफ करून ब्लीचिंग पावडर मारा. मी टाइप करत गेले. 'सगळ्या टाक्या'पाशी आले आणि माझी बोटं थांबली.

खरं सांगते. मी विसरले नाही. मी ती ओळ मुद्दाम गाळली.

का? तर मला लाज वाटली. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायचं नाही का? आमच्या धुळ्यात जावई येणार असेल तर शेजारणीसुद्धा आपलं अंगण सारवतात. आणि हे मालक नाकाला रुमाल लावून कारखान्यात फिरणारे. ते त्या शेवाळलेल्या, घाणेरड्या टाकीपाशी येणार, वास घेणार आणि बाटली न बघताच मागे फिरणार. साहेबांना काय कळतंय जगातलं? त्यांचा तो डाग पडलेला शर्ट, ती टाकी! मला वाटलं, कठडा धुतील, कडेचं शेवाळ काढतील, चुना मारतील, बरं दिसेल. आत कोण कशाला पावडर टाकेल? एवढी अक्कल असतेच ना माणसाला! नव्हती. ती माझ्यातच नव्हती तर सफाईच्या ठेकेदाराच्या माणसांत कुठून असणार? ती बाहेरची माणसं. त्यांच्या हातात कागद, कागदावर 'सगळ्या टाक्या'. आणि अडवायला लखमा नव्हता, तो दुधनीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे गेले तर मागची टाकी ओळखू येईना. कठडा पांढराशुभ्र. चारी कोपऱ्यांवर झेंडूच्या कुंड्या. आणि आत पाणी, लिंबू सरबत.

मला काय वाटावं? आनंद झाला! इतकी मी शहाणी. वाटलं, साहेबांची मंडळी शेवटच्या रात्री पोटभर जेवली.

मालक वेळेआधी आले. मॅनेजर पुढे, मालक मागे, रुमाल हातात पण नाकाला नाही. मालकांनी टाकीत बघितलं. परत बघितलं. "अरे वा," ते म्हणाले, "हे ते काळं पाणी?" मॅनेजर असे फुलले की जणू रात्रभर स्वतःच टाकीत बसून डिंक खात होते. एवढ्यात फाटकातून साहेब आणि लखमा आले. लखमाच्या हातात पाण्याचा डबा, डब्यात मासे.

मालकांनी पुढे होऊन साहेबांचा हात हातात घेतला. "कमाल केलीत तुम्ही. बांधा मोठी टाकी."

साहेबांनी टाकीत बघितलं. 'जेवलात का' विचारलं नाही. ते नुसते वाकले आणि त्यांनी वास घेतला. त्यांचा चेहरा मी बघितला. तेव्हा मला कळलं, मी काय करून बसले ते.

गप्प बसायचं होतं फक्त. एक शब्द बोलायचा नव्हता. मोठी टाकी मिळाली होती, मालकांनी चार माणसांत शब्द दिला होता. नवीन मंडळी सुरंगीहून पुन्हा आणता आली असती. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते, बोलू नका, साहेब, आज एक दिवस बोलू नका.

त्यांनी बरणी टाकीत बुडवून भरली. लखमाच्या डब्यातला एक मासा हातात घेऊन तीत सोडला. मासा दोनदा वरखाली गेला, मग आडवा झाला.

"हे माझं काम नाही," साहेब मालकांना म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "कोणीतरी ब्लीचिंग पावडर टाकली आहे. काल हे पाणी मधासारखं होतं. मधाचं सरबत एका रात्रीत होत नाही. माझे जिवाणू मेले."

"पण पाणी तर साफ दिसतंय," मालक म्हणाले.

"दिसतंय. डिंक तिथेच आहे, नुसता रंग उडालाय. आणि वर पावडर चढून आधीपेक्षा जास्त विषारी झालाय. हा मासा बघा."

मालकांनी मासा बघितला नाही. ते मॅनेजरकडे वळले. "ही पावडर आपल्याकडे असते?"

"हंमेशा, साहेब."

"एका रात्रीत होतं?"

"एक ज रातमां!"

"मग आपण नव्वद दिवस कशाची वाट बघत होतो?"

झालं. आमच्या कारखान्याला काळ्या पाण्यावरचा उपाय त्या दिवशी मिळाला, आणि तो साहेबांनीच दाखवून दिला. पुढे कुठलाही तपासनीस यायचा असला की आदल्या दिवशी ओहोळाच्या तोंडाशी पावडरीची पोती रिकामी व्हायची. तपासनीस खूश, मालक खूश. मालकांनी तर साहेबांना काढलंही नाही हो! म्हणाले, तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच पावडरीवर देखरेख करा.

"मी वाढप्या आहे, साहेब," ते म्हणाले. "मला रंगसफेदी येत नाही."

राजीनामा त्यांनी मलाच टाइप करायला सांगितला. दोन ओळींचा. मी टाइप करत होते तेव्हा मॅनेजर सर्क्युलर घेऊन आत आले. त्यांनाही आतून कुठेतरी टोचत असणार, म्हणून कोणाची चूक ते शोधत होते. "बेन, दर वखते लाइन होय छे, आ वखते केम नथी?" दर वेळी ओळ असते, या वेळी का नाही?

साहेबांनी तो कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "यांची नाही चूक. मीच सांगायला विसरलो. दुधनीला जायच्या गडबडीत."

कधी सांगायला लागलं होतं त्यांना? पहिली वेळ सोडली तर नऊ वेळा न सांगता घातलेली ओळ! मी मान खाली घालून टायपिंग करत राहिले. ज्याने एक शब्द गिळला असता तर सगळं मिळालं असतं, तो बोलला, आणि मी गिळला. याची मला आजही लाज वाटते.

वापीच्या बसला सोडायला मी आणि लखमा गेलो होतो. सामान म्हणजे एक ट्रंक आणि ते मोठ्या टाकीचं चित्र, गुंडाळी करून. लखमा म्हणाला, "तू परत ये साहेब. ऋषी अजून हाय रानात." साहेब हसले. मग माझ्याकडे वळून एकदम विचारलं, "किती पोती टाकली हो पावडर?"

"दोन."

"ढवळलं होतं?"

"नाही. वरून ओतली म्हणे."

"मग तळाचा गाळ बघा," ते म्हणाले. बस सुरू झाली होती, ते पायरीवरून वाकून ओरडून सांगत होते. "जाड थर आहे! पावडर तिथवर पोचली नसेल! मंडळी हट्टी आहेत!" आणि मी? मला सांगायचं होतं, साहेब, ती ओळ मी गाळली. ओठांपर्यंत आलं आणि बस गेली. सांगलीच्या भावाचा पत्ता तेवढा त्यांनी माझ्या पर्सवर बॉलपेनने लिहून दिला होता.

टाकी बुजवायचा हुकूम निघाला होता. त्याआधी मी आणि लखमाने तळाचा गाळ खरवडला. घमेलंभर निघाला. आमच्या चाळीमागे एक मोठं मडकं ठेवलं, त्यात गाळ, पेंढा आणि काळं पाणी. काळं पाणी मी रोज जेवणाच्या पिशवीतून बाटलीत घालून आणायची. कारखान्यातून चोरून नेलेली ही एकच वस्तू, जी गेल्याचा मालकांना आनंदच झाला असता. आमचे हे म्हणाले, "आता हे घरी पण?" मी असं बघितलं त्यांच्याकडे, की पुढचा महिनाभर ते मागच्या दाराने गेले नाहीत.

आठवडे गेले. बुडबुडा म्हणून नाही. मडकं म्हणजे नुसतं मडकं. लखमा म्हणाला, "बाई, सुरंगीचा चुरा आणून टाकतो. नवीन जीव पडतील."

"नाही," मी म्हटलं. "नवीन नकोत. त्यांचे वाचलेत का ते बघायचंय मला."

"आणि नसले तर?"

तर मी मारले, असं मी म्हटलं नाही. गूळ टाकत राहिले. चाळीतल्या बायकांना वाटायचं, मला मूल होत नाही म्हणून मी कसलंसं व्रत धरलंय. वाटू दे. एका रविवारी दुपारी धुणं वाळत घालत होते, आणि मडक्यातून बुडुक असा आवाज आला. मग परत. हातातलं धुणं तसंच टाकून मी मडक्यावर वाकले आणि मोठ्याने विचारलं, "काय मंडळी, जेवलात का?" शेजारीण दारात उभी होती. तिने कपाळाला हात लावला. मला तिच्या जागी खिडकीतली पहिल्या दिवसाची मी दिसले, आणि मग मला रडू आवरेना.

काकवीचा कोरा चहा व्हायला चार महिने लागले. मध व्हायला आणखी किती, ते मोजलं नाही. मध झाला तरी मासा सोडायला माझा धीर होईना. शेवटी लखमानेच दुधनीहून मासा आणला. "रंगाला कोणी पण फसवल," तो म्हणाला, साहेबांच्या आवाजात. मी बरणी भरली, मासा सोडला आणि कामावर खाडा करून बरणीसमोर बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मासा गोल गोल फिरत होता. दुसऱ्या दिवशीही फिरत होता.

मधल्या काळात कारखान्यात साफसफाईची सर्क्युलरं निघतच होती. मागच्या टाकीवर तोवर सायकल स्टँड झाला होता. तरी मी प्रत्येक सर्क्युलरमध्ये ती ओळ घालायची. नवीन मॅनेजर आले, त्यांनी विचारलं, "ये पीछे की टंकी कौन सी?" मी म्हटलं, "है एक." त्यांनी सही केली.

मासा तिसऱ्या दिवशीही जिवंत होता तेव्हा मी पोस्टकार्ड घेतलं. वर लिहिलं, 'मंडळी वाचली. मध झाला. मासा जिवंत आहे.' खाली जागा उरली होती. त्या जागेत लिहिलं, 'साहेब, ती ओळ तुम्ही विसरला नव्हता. मी मुद्दाम गाळली होती.' आणि परत वाचून न बघता जाऊन पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एकच ओळ होती.

'ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मासा काय खातो?'